घर दाखवताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याला घर विकण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीतर त्याने तिसरे पद जोडले असते. बांधताना माणूस पैशाने थकतो, विकताना मनाने. आणि या दोहोंच्या मध्ये एक अवघड काळ असतो, त्याविषयी आपल्या मंडळीत फारसे कोणी बोलत नाही. तो म्हणजे घर दाखवण्याचा काळ. दार उघडायचे, अनोळखी माणसांना आत घ्यायचे, आणि जिथे आपल्या आईने अखेरचा श्वास घेतला त्या खोलीकडे बोट करून, 'ही दहा बाय बाराची आहे,' असे सांगायचे.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी हा प्रसंग आता अनेक ख्रिस्ती कुटुंबांवर येत आहे. गोदाकाठच्या मिशनच्या गावांतून शिकून निघालेली पिढी रेल्वेत, शाळांत, दवाखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत लागली. १९७२ साली परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा त्या आधाराने आणखी काही घरे इथे स्थिरावली. आमचे वडील त्यांतलेच. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली गावाबाहेरच्या एका वस्तीत तीन खोल्यांचे घर बांधले. पुढे गाव वाढत वाढत त्या घराच्या पलीकडे निघून गेले. परभणीची नगरपालिका २०११ साली महानगरपालिका झाली, विद्यापीठाला २०१३ साली वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले, आणि आम्ही चार भावंडे चार गावांना पांगलो. आधी वडील गेले, काही वर्षांनी आई गेली. घराला कुलूप लागले. कुलूप लागलेले घर मराठवाड्याच्या उन्हात फार दिवस धीर धरत नाही. म्हणून विकण्याचे ठरले.

ओळखीच्या एका मध्यस्थाने पहिल्याच भेटीत सांगितले, "साहेब, घर विकायचं म्हणजे आधी घर सजवायचं. गिऱ्हाईक पहिल्या दोन मिनिटांत मनात ठरवून टाकतं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अमेरिकेत बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात या गोष्टीला धंद्याचे रूप दिले. नाटकाच्या रंगमंचासारखे घर मांडायचे, म्हणून तिचे नाव 'होम स्टेजिंग'. सामान कमी करा, भिंती फिक्या रंगवा, खिडक्या उघडा, आणि घरमालकाची खासगी खूण कुठे दिसू देऊ नका, म्हणजे पाहणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार कल्पिता येतो, असे ते शास्त्र. नाताळपूर्वी आपल्या आया जे करीत त्यापेक्षा यात फार नवे नाही. शेवटची अट तेवढी वेगळी आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगतो, कारण त्या कोणाच्याही उपयोगी पडतील. आम्हाला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा नुसते सामान वेगळे करण्यात गेला. थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, तिने ओसरीत तीन ढीग केले: ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. माळ्यावरून पितळी घंगाळ निघाले, वडिलांच्या पगाराच्या पावत्या निघाल्या, आमच्या स्नानसंस्काराचे दाखले एका बिस्किटाच्या डब्यात निघाले. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्ती झाली. गळणारा नळ, न लागणारी कडी, जळालेला दिवा या किरकोळ गोष्टी वाटतात. परंतु पाहणारा माणूस कडी लावून पाहतो आणि ती लागली नाही की, 'यांनी घराकडे लक्ष दिलेले नाही,' असा निष्कर्ष काढतो. गच्चीवरची टाकी रिकामी करून घासली. शहाबादी फरशी लिंबाच्या सालीने आणि सोड्याने घासली, तेव्हा तिचा मूळचा निळसर रंग वर आला. आईच्या पश्चात आम्ही तो विसरूनच गेलो होतो. तिसऱ्या आठवड्यात चुना आणि रंग.

घर दाखवण्याची वेळही विचार करून ठरवावी लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्याही वर चढतो. दुपारी दोन वाजता आलेल्या माणसाला कोणतेही घर भट्टीच वाटणार. आम्ही सकाळी आठ ते दहा ही वेळ ठेवली. त्या वेळी पूर्वेच्या खिडकीतून स्वयंपाकघरात उजेड येतो आणि परसदारच्या कडुनिंबाची सावली ओसरीवर असते. यात फसवणूक नाही. पाहुण्याला आपण बरी खुर्ची देतो तसेच हे आहे. मात्र एका जाणत्या गृहस्थाने मुद्दाम दुपारची वेळ मागितली, तेव्हा आम्ही त्यांना दुपारीच बोलावले. घर उन्हात कसे असते हे पाहण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे.

परंतु चुना लावण्याआधी एक प्रश्न उभा राहिला, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमचे घर काळ्या मातीवर आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पोसणारी ही माती घर बांधणाऱ्याची मात्र परीक्षा पाहते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा पाया दर वर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो. म्हणून जाणते गवंडी काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब पायात घालण्याची पद्धत रूढ केली. १९८४ साली वडिलांच्या खिशाला जेवढे झेपले तेवढा पाया त्यांनी घातला. परिणामी मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी गेलेली एक भेग आहे. उन्हाळ्यात तीत बोटाचे नख जाते, पावसाळ्यात ती मिटते.

मध्यस्थाने ती पाहिली आणि सहजपणे म्हटले, "यात काय एवढं! पुट्टी भरा, वरून रंग मारा, अन् कॅलेंडर लावा. सगळेच असं करतात."

त्या रात्री आम्ही चौघे ओसरीत बसलो. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, पाहणारा डोळे घेऊन येतो, त्याने पाहावे; आपण खोटे बोलत नाही, फक्त रंग देतो. त्याच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते आणि प्रत्येक लाखाचा त्याने हिशेब मांडून ठेवला होता. त्याला दोष देण्याचे मला धैर्य नव्हते. आक्का बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "त्या खोलीत उद्या कोणाचं तरी लेकरू झोपणार आहे, रे."

कायदाही आक्काच्या बाजूचा निघाला. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम याबाबतीत स्पष्ट आहे. मालमत्तेतला किंवा तिच्या हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही जो त्याच्या ध्यानी येणार नाही, तो सांगणे ५५व्या कलमान्वये विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. उघडी भेग कोणालाही दिसते. ती बुजवून वर कॅलेंडर टांगले की साधारण काळजी घेणाऱ्यालाही ती दिसणार नाही. म्हणजे रंगाच्या एका हाताने आपण उघड्या दोषाचा लपलेला दोष करतो. विवेकबुद्धीची आठवी आज्ञा आणि देशाचे ५५वे कलम इथे एकाच भिंतीपाशी येऊन उभी राहतात.

आम्ही ती भेग भरली नाही. बाकीच्या खोल्यांना रंग दिला, त्या भिंतीला नुसता चुना दिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला मागच्या खोलीत नेऊन ती आपणहून दाखवली. दोन गिऱ्हाइके तिथूनच परत फिरली. तिसऱ्याने किमतीत एवढी मोठी घट मागितली की धाकटा उठून बाहेर निघून गेला. सत्य सांगितल्यावर देव लगेच मोबदला देतो, असे सांगणाऱ्या गोष्टी आपण प्रवचनांतून ऐकतो. आमचा अनुभव तसा नाही. चार महिने घर विकले गेले नाही, आणि शेवटी आमच्या अपेक्षेपेक्षा कमी किमतीला गेले. तरी धाकट्याने पुन्हा कॅलेंडरचा विषय काढला नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

दुसरा प्रश्न भिंतीवरच्या चित्राचा होता. समोरच्या खोलीत येशूच्या परमपवित्र हृदयाचे चित्र, त्याखाली लाकडी फळी, फळीवर पवित्र मरियेची मूर्ती, आईची माळ आणि लाल दिवा. फ्रान्समध्ये पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरी हिला १७व्या शतकात जी दर्शने झाली त्यांतून ही भक्ती पसरली. आणि १९०७ सालापासून फादर मातेओ क्रॉली-बोव्ही या पेरूच्या धर्मगुरूंनी हे चित्र घराघरांत विधिपूर्वक स्थापण्याची प्रथा जगभर नेली. आमच्या घरी ती स्थापना घरभरणीच्या दिवशीच झाली. वडिलांनी घराचा मालक म्हणून कागदावर स्वतःचे नाव लिहिले, पण ते नेहमी त्या चित्राकडे बोट करून म्हणत, "मालक तिकडं आहे. आपण भाडेकरू."

मध्यस्थाने अगदी मृदूपणे सुचवले, "तेवढं काढून ठेवलं तर बरं. लोक कसे असतात तुम्हाला माहीतच आहे." त्याच्या मनात द्वेष नव्हता, धंद्याचा हिशेब होता. दारावरचा क्रूस, भिंतीवरचे चित्र, काढल्यास घर 'सर्वांचे' होते, ही गोष्ट त्या परदेशी शास्त्रातही सांगितलेली आहे. आणि इथे मी प्रामाणिकपणे सांगतो की, प्रश्न सोपा नव्हता. कुटुंबाची छायाचित्रे आम्ही काढलीच होती. मग हेच का ठेवायचे? काढणे म्हणजे नाकारणे होते काय? घर रिकामे करताना ते एक दिवस काढायचेच होते.

आम्ही धर्मग्रामाच्या फादरांना विचारले. त्यांनी आज्ञा केली नाही. एवढेच म्हणाले, "चित्र काढायला हरकत नाही. का काढता, ते स्वतःला सांगून काढा." हे उत्तर आम्हाला पुरेसे झाले. सामान हलवायचे म्हणून चित्र काढणे वेगळे, आणि आपण कोण आहोत हे कोणाला कळू नये म्हणून काढणे वेगळे. ज्या गल्लीत आईने चाळीस वर्षे नाताळचा फराळ घरोघर वाटला आणि घरोघरची ईदची खीर व दिवाळीच्या करंज्या घेतल्या, त्या गल्लीत हे घर कोणाचे हे कोणापासून लपवायचे होते? चित्र राहिले. दिवा रोज सकाळी आक्का लावीत असे. कोणी पाहायला आले म्हणून तिने तो विझवला नाही, आणि कोणाला दाखवण्यासाठी मोठाही केला नाही. आलेल्यांपैकी बहुतेकांनी त्या खोलीच्या उंबऱ्याशी आपसूक पायांतले काढले.

याच काळात एका नातलगाने पुण्याहून फोनवर उपाय सुचवला: संत योसेफाची लहान मूर्ती अंगणात उलटी पुरा, घर आठवड्यात विकले जाते! अमेरिकेतल्या काही लोकांत ही समजूत बरीच पसरली आहे. मूर्ती आणि सूचनापत्रक यांची पेटीदेखील विकत मिळते. संत योसेफ सुतार होते, कुटुंबाचे पोशिंदे होते. पोप पायस नववे यांनी १८७० साली त्यांना सार्वत्रिक ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केले. घराच्या चिंतेत त्यांचा धावा करणे अगदी योग्यच आहे. पण ज्यांच्याकडे मध्यस्थी मागायची त्यांना डोके खाली करून मातीत दाबून ठेवायचे आणि काम झाल्यावर सोडवायचे, ही प्रार्थना नसून अडवणूक झाली. ख्रिस्तसभा अशा गोष्टींना अंधश्रद्धाच म्हणते. आक्काने त्या नातलगाला सांगितले, "आमच्याकडची माती फुगते. मूर्ती तडकायची." मग आम्ही रोज संध्याकाळी संत योसेफाची प्रार्थना म्हणू लागलो, उभ्या मूर्तीसमोर.

तिसरी तयारी कागदांची. घर कितीही स्वच्छ असले तरी कागद अस्ताव्यस्त असतील तर ते दाखवण्यास योग्य झालेले नसते. कराच्या पावत्या, वीजबिल, मिळकतीचा उतारा, मूळ खरेदीखत, बांधकाम परवाना, आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले, आणि वारसांची नोंद. घेणाऱ्यांपैकी एकाच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, "बहिणींचं हक्कसोड झालं का?" आपल्या भागात हा प्रश्न इतका सवयीचा झाला आहे की, त्यात काही गैर आहे असे विचारणाऱ्यालाही वाटत नाही. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपल्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. केरळातल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती स्त्रियांना हा समान हक्क मिळवण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडे जो हक्क कायद्याने आधीच आहे, तो आपण घरच्या घरी रीतीभातीच्या नावाखाली सोडवून घेतो, ही खेदाची गोष्ट आहे. आमच्या दोघी बहिणी खरेदीखतावर विकणाऱ्या म्हणून सह्या करतील आणि आपला वाटा घेतील, असे आम्ही वकिलांना सांगितले. ते किंचित थांबले आणि, "मग तर सोपंच झालं," म्हणाले. खरोखर सोपे झाले.

कागदाच्या बाबतीत मला संदेष्टा यिर्मया नेहमी आठवतो. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला असताना त्याने आपल्या चुलतभावाचे अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले. साक्षीदार बोलावले, खत लिहिले, त्यावर मोहोर केली, आणि मोहोरबंद व उघडे अशी दोन्ही खते बारूखाकरवी मातीच्या भांड्यात ठेवली, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. देश बुडत असताना संदेष्टा खरेदीखत नीट करतो! नीट केलेला कागद हीदेखील उद्यावरच्या विश्वासाची एक रीत आहे.

शेवटचा प्रश्न किमतीचा. अखेर ज्या शिक्षकांनी घर घ्यायचे ठरवले, त्यांनी भेग पाहिली, स्वतःचा गवंडी आणून पुन्हा पाहिली, आणि पाया मजबूत करण्याचा खर्च वजा जाता किंमत सांगितली. ती आम्हाला मान्य झाली. मग मध्यस्थाने नेहमीचा मार्ग सुचवला: कागदावर थोडी, उरलेली हातात. २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, हे त्यालाही ठाऊक होते. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची कथा येते. त्यांनी मालमत्ता विकली, किमतीतला काही भाग मागे ठेवला आणि उरलेला भाग हीच पूर्ण किंमत म्हणून प्रेषितांच्या चरणी आणला. पेत्राने त्यांना बजावले की मालमत्ता त्यांचीच होती, पैसाही त्यांच्याच हाती होता. त्यांचा अपराध पैसे राखून ठेवण्याचा नव्हता, किमतीविषयी खोटे बोलण्याचा होता. दोन किमतींचा व्यवहार करणाऱ्या कोणाही ख्रिस्ती माणसाने ते वचन एकदा वाचावे. आमच्या खरेदीखतावर एकच किंमत लिहिली गेली. शिक्षकांनी घर पत्नीच्या नावे घेतले; महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात २०२१ पासून १ टक्क्याची सवलत आहे, ती त्यांना मिळाली. त्या बाई पहिल्यांदा सही करताना थरथरल्या, आणि आक्काने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ताबा देण्याच्या आदल्या संध्याकाळी चित्र, मूर्ती आणि दारावरचा क्रूस आम्ही स्वतः उतरवला. आशीर्वादित वस्तू खासगी मालकीच्या असल्या तरी त्यांचा अनादर होऊ नये, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११७१वे कलम सांगते. रद्दीत, भंगारात किंवा मागच्या खोलीत त्या टाकून जाणे योग्य नव्हे. चित्र आक्काकडे गेले. क्रूस धाकट्याने मागून घेतला. भिंतीवर चित्राच्या आकाराचा एक फिका चौकोन उरला. त्यावर चुना द्यायला वेळ झाला नाही.

घर दाखवण्याच्या त्या चार महिन्यांत एक उपकार मात्र झाला. अनोळखी माणसांना सांगता सांगता आम्हाला आमचे घर प्रथमच नीट दिसले. बोअरला एप्रिलनंतर पाणी कमी होते. गच्चीचा ईशान्य कोपरा पहिल्या पावसात ओलावतो. परसदारच्या नळाची चावी उलट फिरते. कडुनिंबाची फांदी दर दोन वर्षांनी छाटली नाही तर तारेला लागते. हे सगळे आक्काने एका वहीच्या पानावर लिहून किल्ल्यांबरोबर त्या बाईंच्या हाती दिले. सर्वांत वर तिने लिहिले होते, मागच्या खोलीतली भेग पावसाळ्यात मिटलेली दिसेल, तेव्हा ती बरी झाली असे समजू नये.